ॲसिट्रॉम किंवा वॉर्फरिन चालू असताना आयएनआर ताब्यात कसा ठेवायचा

हृदयाची झडप बदललेली असो, पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेली असो, की हृदयाचे ठोके अनियमित असोत, दवाखान्यातून घरी जाताना हातात एक बारीकशी गोळी येते. आपल्याकडे ती बहुतेकदा ॲसिट्रॉम, म्हणजे ॲसिनोकूमारॉल, किंवा वॉर्फ, म्हणजे वॉर्फरिन असते. 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून तिची भीती घातली जाते आणि सोबत 'पालेभाज्या बंद' असा एका ओळीचा सल्ला मिळतो. भीतीचं आणि पथ्याचं हे गणित चुकीचं आहे. या गोळीवर माणसं वीस-तीस वर्षं नीट जगतात. बिघडतं ते बहुधा बदलामुळे: डोस चुकला, आहार अचानक बदलला, मध्येच दुसरं औषध सुरू झालं आणि कुणाला सांगितलं नाही.

गोळी नेमकं काय करते

रक्त गोठवणारे चार घटक (क्रमांक २, ७, ९ आणि १०) यकृत व्हिटॅमिन केच्या मदतीने तयार करतं. ही गोळी व्हिटॅमिन के पुन्हा वापरात येऊ देत नाही, त्यामुळे नवे घटक कमी आणि अर्धवट बनतात. आधी तयार झालेले घटक मात्र रक्तात फिरत राहतात. सातवा काही तासांत ओसरतो, दुसऱ्याची पातळी निम्म्यावर यायलाच अडीच-तीन दिवस लागतात. म्हणून आज बदललेल्या डोसचा परिणाम आयएनआरमध्ये, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीच्या आकड्यात (आकडा जितका जास्त तितकं रक्त उशिरा गोठतं), दोन-तीन दिवसांनी दिसू लागतो आणि पूर्ण उमटायला आठवडा जातो. गोळी सुरू करताना पोटावर लगेच काम करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं सोबत का देतात, याचं कारणही हेच. पायातल्या गुठळीसाठी ती किमान ५ दिवस आणि आयएनआर २ च्या वर जाऊन एक पूर्ण दिवस टिकेपर्यंत चालू ठेवतात. 'गोळी सुरू झाली, आता सुई कशाला' म्हणून ती मध्येच सोडली तर ऐन धोक्याच्या दिवसांत संरक्षण राहत नाही.

गोळी न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. शिरेतल्या गुठळीसाठी आणि अनियमित ठोक्यांसाठी तो २ ते ३ मध्ये ठेवतात. मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांच्या मध्ये) यांत्रिक झडप असेल तर २.५ ते ३.५. महाधमनीच्या जागी नव्या घडणीची दुपाखी झडप असेल आणि दुसरा धोका नसेल तर २ ते ३ पुरतो. तुमचा पट्टा कोणता हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. 'नॉर्मल आहे' या उत्तरावर समाधान मानू नका, कारण लॅबच्या कागदावर छापलेला नॉर्मल पट्टा गोळी न घेणाऱ्यांचा असतो. झडप बसवलेल्या माणसाचा आयएनआर १.१ आला तर कागदावर तो 'नॉर्मल' दिसतो. प्रत्यक्षात ती त्याच दिवशी फोन करण्याची वेळ असते.

शेजाऱ्याला तपासणी न लागणारी नवी गोळी मिळाली, मग आपल्याला का नाही, असा प्रश्न येतोच. अपिक्साबान, रिव्हारोक्साबान, डॅबिगाट्रान ही औषधं शिरेतल्या गुठळीसाठी आणि बऱ्याच जणांच्या अनियमित ठोक्यांसाठी चांगली आहेत. पण यांत्रिक झडपेवर ती चालत नाहीत. डॅबिगाट्रानचा तसा प्रयोग गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्यामुळे थांबवावा लागला आणि त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप आणि अनियमित ठोके असलेल्या रुग्णांत रिव्हारोक्साबान जुन्या गोळीपेक्षा कमी पडलं, हे २०२२ च्या मोठ्या अभ्यासात दिसलं. आपल्याकडे झडपेचे रुग्ण प्रामुख्याने याच तापाचे आहेत. तेव्हा मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने गोळी बदलू नका.

ॲसिट्रॉम आणि वॉर्फरिनचे मिलिग्रॅमही एकास एक नाहीत. ॲसिट्रॉम साधारण निम्म्या मात्रेत तेवढंच काम करते. '२ मिलिग्रॅम ॲसिट्रॉम संपली, २ मिलिग्रॅम वॉर्फ घ्या' ही अदलाबदल आयएनआर खाली पाडते, उलटी केली तर वर नेते.

रोजची गोळी

वेळ संध्याकाळची ठेवा, साधारण सहा ते आठ. रक्त सकाळी दिलं तर रिपोर्ट दुपारपर्यंत येतो आणि डॉक्टरांनी सांगितलेला बदल त्याच संध्याकाळी करता येतो. सकाळी गोळी घेणाऱ्याला बदलासाठी पूर्ण दिवस थांबावं लागतं.

चिठ्ठीवर 'एक दिवस २, एक दिवस ३' असं लिहिलेलं असतं आणि गोंधळ इथूनच सुरू होतो. आठवड्याचे दिवस सात, म्हणजे विषम. या आठवड्यात सोमवारी २ असेल तर पुढच्या सोमवारी ३ येते, आणि चौथ्या दिवशी कुणालाच आठवत नाही की काल कोणती घेतली. डॉक्टरांना वार ठरवून द्यायला सांगा: सोमवार, बुधवार, शुक्रवार ३, बाकी चार दिवस २. आठवड्याची बेरीज १७ मिलिग्रॅम. ही बेरीज वहीत लिहून ठेवा, कारण डॉक्टर डोस याच बेरजेवर हलवतात, साधारणपणे एका वेळी ५ ते २० टक्के. १७ चे १८ झाले तर मोठा बदल झाला असं समजून घाबरू नका. १७ चे २५ कुणी केले तर मात्र पुन्हा विचारून खात्री करा.

सात कप्प्यांची डबी दर रविवारी भरा. एकाच नावाच्या १, २, ३ आणि ४ मिलिग्रॅमच्या पट्ट्या मिळतात. दुकानातून घेताना रंग पाहू नका, पट्टीवरचा आकडा मोठ्याने वाचा. शक्य असेल तर घरात एकाच ताकदीची गोळी ठेवा.

गोळी विसरली आणि त्याच दिवशी आठवलं, तर झोपण्याआधी घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर ती सोडून द्या, नेहमीच्या वेळी नेहमीची मात्रा घ्या आणि वहीत 'चुकली' असं लिहा. दोन गोळ्या एकदम कधीच नाही. सलग दोन दिवस चुकली आणि तुमची झडप यांत्रिक असेल, तर तपासणीच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. ॲसिट्रॉम शरीरातून वॉर्फरिनपेक्षा बरीच लवकर जाते, त्यामुळे तिच्या चुकलेल्या गोळ्या लवकर भोवतात.

तपासणी

सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्याला, आकडा सलग पट्ट्यात राहू लागला की महिन्याला. उपाशीपोटी जावं लागत नाही.

रक्त निळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घेतात. तिच्यात सायट्रेटचं द्रावण आधीच असतं आणि प्रमाण नऊ भाग रक्ताला एक भाग द्रावण असं ठरलेलं आहे. छोट्या ट्यूबमध्ये ०.३ मिलिलिटर द्रावण आणि २.७ मिलिलिटर रक्त. ट्यूबवरच्या खुणेपर्यंत रक्त भरलं नाही तर द्रावण जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. म्हणून सुई लागल्यावर नजर वळवली तरी शेवटी ट्यूबवरची रेघ बघा. रक्त त्या रेघेपर्यंत नसेल तर तिथेच सांगा. ट्यूब हलक्या हाताने तीन-चार वेळा उलटीसुलटी करायची असते. ती जोरात हलवली किंवा रक्त घ्यायला वेळ लागून आतच बारीक गाठ झाली, तर तो नमुना टाकून द्यावा लागतो.

लॅब शक्यतो एकच ठेवा. आयएनआर हा आकडा लॅबालॅबांत सारखा यावा म्हणूनच बनवलेला आहे, तरी यंत्र आणि रसायन बदललं की थोडा फरक पडतो. काही त्रास नाही, डोस चुकला नाही, औषध बदललं नाही आणि आकडा अचानक ६ आला, तर त्या दिवशीची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना कळवा आणि नमुना पुन्हा तपासायचा का हेही विचारा.

वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, आयएनआर, आठवड्याचा डोस, या काळात काय बदललं, पुढची तारीख. चौथा रकाना सर्वांत मोलाचा. 'जुलाब, तीन दिवस', 'दाढेसाठी गोळ्या', 'गावी लग्न, आठवडाभर बाहेरचं जेवण' एवढं लिहिलं तरी डॉक्टरांना कारण सापडतं आणि विनाकारण डोस हलत नाही. गेल्या दहा तपासण्यांपैकी सात पट्ट्यात असतील तर गाडी रुळावर आहे. चार-पाचच असतील तर डोस बदलत बसण्याआधी कारण शोधायला हवं.

जेवण

पालेभाज्या बंद करू नका. आहारात व्हिटॅमिन के फारच कमी असेल तर आयएनआर जास्तच डळमळतो. रोज शून्य खाणाऱ्या माणसाने एक दिवस मेथीची भाजी खाल्ली तरी आकडा घसरतो. रोज थोडी खाणाऱ्याला तीच भाजी काही करत नाही. म्हणून ठरवून घ्या: उदाहरणार्थ, आठवड्यातून तीन वेळा एक वाटी शिजवलेली पालेभाजी, बारा महिने. डोस त्या खाण्याभोवती बसवून घ्यायचा.

अंदाजासाठी: १०० ग्रॅम पालकात साधारण ४८० मायक्रोग्रॅम व्हिटॅमिन के असतं, कोबीत ७५ च्या आसपास, भेंडीत ३०. मेथी, चाकवत, शेपू, अळू, राजगिरा, शेवग्याचा पाला हे सगळे हिरव्या पानांच्या गटातले. दुधी, दोडका, वांगं, बटाटा, भात, ज्वारी, डाळी यांची चिंता नको. आमटीवर भुरभुरलेली कोथिंबीर काही करत नाही. वाटीभर हिरवी चटणी मात्र मोजायची. स्वयंपाकातली हळद, लसूण, आलं चालतं. हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, गव्हांकुराचा रस, शेवग्याच्या पानांची पावडर हे 'नैसर्गिक आहे' म्हणून स्वतःहून सुरू करू नका.

आपल्या वर्षाच्या चक्रात दोन वळणं ठरलेली आहेत. श्रावणात बऱ्याच घरांत पालेभाजी बंद होते, नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा आणि भगर, एकूण खाणंही कमी. तेव्हा आयएनआर वर सरकू शकतो. थंडीत मेथी स्वस्त होते, हरभऱ्याचा पाला येतो, कांद्याची पात येते आणि तो खाली येतो. उपवास सोडा असं म्हणणं नाही. उपवासाच्या पहिल्या आठवड्यात एक जास्तीची तपासणी करा, एवढं पुरतं. जेवणच जात नसेल, ताप किंवा जुलाब असतील तर मात्र दोन-तीन दिवसांतच तपासणी हवी, कारण अशा वेळी आकडा झपाट्याने चढतो.

दारू एका बैठकीत जास्त घेतली तर आयएनआर वाढतो, रोजच्या पिण्याने यकृताची चाल बदलून तो खालीही येतो. शिवाय पडणं, डोक्याला मार लागणं हा धोका वेगळाच.

दुसरी औषधं

पालेभाजीचा बाऊ होतो आणि खरा घात औषधांनी होतो. सर्वांत नेहमीचा प्रसंग: जुलाब किंवा दातदुखीसाठी मेट्रोनिडाझोल. ते वॉर्फरिनचं शरीरातून निघून जाणं अडवतं आणि आयएनआर चार-पाच दिवसांत दुप्पट होऊ शकतो. जुलाबावरच्या जोडगोळ्यांतही ते किंवा त्याचं भावंड असतं, म्हणून पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कोट्रायमॉक्साझोल, फ्लुकोनाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन, क्लॅरिथ्रोमायसिन आणि ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन हेही आकडा चढवतात. तोंडातल्या बुरशीवर लावायची मायकोनाझोलची जेलसुद्धा. 'वरून लावायचं आहे, त्याने काय होतंय' या समजुतीत ती निसटते. यांपैकी काही घेणं भागच असेल तर सुरू केल्यापासून तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर करा आणि औषध संपल्यावर आठवड्याने पुन्हा.

उलट्या बाजूला क्षयरोगाचं रिफाम्पिसिन, फिट्सचं कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन. रिफाम्पिसिन चालू झालं की गोळीचा डोस दुपटी-तिपटीने वाढवावा लागू शकतो. खरा धोका कोर्स संपतो तेव्हा येतो: रिफाम्पिसिनचा परिणाम पुढच्या दोन-चार आठवड्यांत ओसरतो, वाढवलेला डोस तसाच राहतो आणि आयएनआर भडकतो. टीबीचा कोर्स ज्या दिवशी संपेल त्या तारखेपासून दर आठवड्याला तपासणी ठरवून ठेवा.

अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल घ्या, दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या चारपेक्षा जास्त गोळ्या नाहीत. रोज तेवढ्या तीन दिवसांपेक्षा जास्त लागल्या तर आयएनआर बघा, कारण त्यानेही तो हळूहळू वाढतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन आणि त्यांच्या जोडगोळ्या नकोत. त्या आयएनआर फारसा न हलवताही जठरातून रक्तस्राव घडवतात, म्हणजे रिपोर्ट छान आणि शौच काळं. ॲस्पिरिन काही जणांना हृदयरोगतज्ज्ञ मुद्दाम सोबत देतात, ती स्वतः सुरू किंवा बंद करू नका.

कंबरेत किंवा दंडात स्नायूत दिलेल्या इंजेक्शनने आत रक्त साकळू शकतं. ताप-अंगदुखीसाठी 'एक सुई मारून द्या' हे तुमच्यासाठी नाही. लस टाळायची गरज नसते. बारीक सुई, आयएनआर पट्ट्यात, आणि नंतर न चोळता किमान दोन मिनिटं दाबून धरणं. संधिवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेणाऱ्यांचा पेच खरा आहे, कारण तेही स्नायूतच देतात. ते आपल्या मनाने थांबवू नका. आयएनआर दाखवून घ्या, जागा दाबून धरा, आणि गाठी होत असतील तर तोंडाने घ्यायच्या पेनिसिलिनबद्दल डॉक्टरांना विचारा.

रक्त आलं तर

दाढी करताना किंवा विळीवर कापलं तर स्वच्छ कापडाने सलग दहा मिनिटं दाबा, मध्ये उचलून बघू नका. नाकातून आलं तर डोकं मागे न टाकता पुढे झुका आणि नाकाचा मऊ भाग दहा ते पंधरा मिनिटं चिमटीत धरा. हिरड्यांतून थोडं येणं, कारण नसता निळे डाग पडणं, पाळी नेहमीपेक्षा खूप जाणं ही फोन करून त्याच दिवशी आयएनआर बघण्याची लक्षणं.

थेट रुग्णालयात जायचं ते यासाठी: डांबरासारखं काळं किंवा लाल शौच, लाल लघवी, रक्ताची उलटी, न थांबणारा रक्तस्राव, अचानक आणि कधी न झालेली डोकेदुखी. आणि डोक्याला मार, मग तो न्हाणीघरात घसरून लागलेला असो किंवा दुचाकीवरून पडून, बाहेर जखम नसली आणि माणूस ठीक बोलत असला तरीही. आत हळूहळू साचणारं रक्त काही तासांनी त्रास देतं, म्हणून स्कॅन लागतो.

आयएनआर ५-६ आला पण रक्तस्राव कुठेच नाही, अशा वेळी डॉक्टर बहुधा एक-दोन डोस थांबवून एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात. १० च्या वर गेला तर तोंडाने व्हिटॅमिन के देतात. ते आपल्या मनाने घेऊ नका. मोठ्या मात्रेनंतर गोळी कित्येक दिवस दाद देत नाही आणि तोवर झडपेला गुठळीपासून संरक्षण राहत नाही.

गुठळीची लक्षणंही घरच्या सगळ्यांना माहीत हवीत. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, एकाएकी दम लागणं, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं. यांत्रिक झडपेचा टकटक आवाज रात्रीच्या शांततेत बहुतेकांना ऐकू येतो. नेहमी स्पष्ट येणारा तो आवाज दबला किंवा बंद झाला आणि दम लागू लागला, तर पाकिटभर रिपोर्ट गोळा करत बसू नका, लगेच निघा. झडप अडकल्याची ती खूण असू शकते.

दात, शस्त्रक्रिया, गरोदरपण

दाढ काढायची म्हणून चार दिवस गोळी बंद करणं ही जुनी आणि घातक सवय आहे. आदल्या एक-दोन दिवसांत आयएनआर करा. तो पट्ट्यात असेल तर साधी दाढ टाके घालून आणि रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रानेक्झामिक ॲसिडच्या चुळांच्या मदतीने काढता येते. कृत्रिम झडप असेल तर अर्धा ते एक तास आधी अँटिबायोटिकही लागतं, पेनिसिलिनची ॲलर्जी नसेल तर बहुधा २ ग्रॅम अमॉक्सिसिलिन. मोठ्या शस्त्रक्रियेआधी गोळी थांबवून हेपरिन द्यायचं का, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन यांनी मिळून ठरवायचं असतं. दोघांची गाठ घालून देणं बहुतेकदा रुग्णालाच करावं लागतं, संकोच नको.

मूल हवं असेल तर दिवस राहण्याआधी बोला. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाच्या हाडांवर आणि नाकाच्या घडणीवर परिणाम करू शकते, आणि रोजचा डोस ५ मिलिग्रॅम वॉर्फरिनच्या वर असेल तर धोका वाढतो. पण यांत्रिक झडप असताना घाबरून गोळी एकदम सोडणं आईच्या जिवावर बेततं. पाळी चुकली की त्याच आठवड्यात चाचणी करा आणि लगेच डॉक्टरांना भेटा. वॉर्फरिन चालू असताना बाळाला अंगावर पाजता येतं.

खिशात एक चिठ्ठी ठेवा आणि मोबाइलच्या लॉक स्क्रीनवर तिचा फोटो लावा. चिठ्ठीत एवढंच: 'मी ॲसिट्रॉम घेतो/घेते. कारण: मायट्रल जागी यांत्रिक झडप, बसवल्याचं वर्ष अमुक. आयएनआर २.५ ते ३.५ हवा. स्नायूत इंजेक्शन देऊ नका. डॉक्टरांचा आणि घरचा फोन.' अपघातात तुम्ही बोलू शकत नसाल तेव्हा समोरच्या डॉक्टरला हीच माहिती आधी लागते. प्रवासाला जाताना गोळ्या दोन ठिकाणी विभागून घ्या, लागतील त्यापेक्षा आठवड्याभराच्या जास्त. वारी, चारधाम किंवा परदेशातल्या मुलाकडे महिनाभर मुक्काम असेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी आणि पोचल्यावर आठवड्याने आयएनआर करा. घड्याळाची वेळ बदलणाऱ्या देशात गोळी तिथल्या संध्याकाळवर आणा. तेवढा एक दिवस अंतर थोडं कमी-जास्त झालं तरी चालतं, दोनदा घेतली जाणार नाही एवढं बघा.